जुन्या साड्यांची विणलेली कलाकृती रंकाळ्याकाठच्या झाडांवर वर्षभर टिकेल का?

नाही, सुती साडी कोल्हापूरच्या पावसाळ्यात टिकणार नाही. दिवाळी ते मे एवढ्याच काळासाठी मांडा. ओल राहिली की बुरशी सुतातलं सेल्युलोजच खाते आणि धागा कुजतो. पॉलिएस्टर कुजत नाही, पण उन्हानं विरून त्याचे बारीक तंतू तळ्यात जातात, म्हणून पाण्याजवळ ते नकोच. इचलकरंजीच्या मागांवरच्या सुती चिंध्या घ्या, मात्र आधी एक धागा जाळून बघा: सूत कागदासारखं जळून राख होतं, पॉलिएस्टर वितळून कडक गोळी होते. झाडाला खिळे, तार, नायलॉन दोरी नको, सालीत रुततात. रुंद पट्टी सैल बांधा. बेत पन्हाळ्यावर नेलात तर किल्ला संरक्षित स्मारक आहे, परवानगीशिवाय तटाला काही बांधू नका.