वर्ध्याच्या पिनकोडचे अवयव

प्रश्न : आमच्या जिल्हा परिषद शाळेत आठवीच्या पोट्ट्यांना वर्ध्याचा पिनकोड ४४२००१ देऊन अवयव पाडायला सांगितले. ७ ने भाग गेला, ६३१४३ आले. त्याला १०० पर्यंतच्या सगळ्या मूळ संख्या लावून पाहिल्या, एकही लागली नाही. आता ६३१४३ ही मूळ संख्या म्हणून फळ्यावर लिहून टाकावी काय?
– एक शिक्षक, ता. देवळी, जि. वर्धा

उत्तर : नका लिहू, सर. १०० पर्यंतची तपासणी १०,००० च्या आतल्या संख्येलाच पुरते. २५१ चा वर्ग ६३००१ आणि २५२ चा ६३५०४, म्हणजे इथे २५१ पर्यंत जावं लागेल. तिथवर ५४ मूळ संख्या आहेत आणि भाग जातो एकावन्नाव्या संख्येने, २३३ ने. त्या एका भागाकारात हातचा चुकला, तर पुढे २३९, २४१, २५१ एवढ्याच उरतात. त्यांनी भाग जात नाही आणि पोरं "मूळ आहे" म्हणून मोकळी होतात.

त्यापेक्षा सतराव्या शतकातले फ्रेंच गणिती फर्मा यांची रीत वापरा. संख्येच्या लगेच वरचा पूर्ण वर्ग घ्यायचा आणि त्यातून संख्या वजा करायची :

६३५०४ − ६३१४३ = ३६१

३६१ म्हणजे १९ चा वर्ग! म्हणून ६३१४३ = २५२² − १९² = (२५२ − १९) × (२५२ + १९) = २३३ × २७१. दोन ओळींत काम झालं. वजाबाकी पूर्ण वर्ग निघाली नाही, तर २५३, २५४ असं एकेक वर चढायचं.

मात्र ही रीत दोन अवयव जवळजवळ असतील तेव्हाच लवकर फळते. ७ न काढता थेट ४४२००१ वर लावून पाहा. ६६५ चा वर्ग ४४२२२५, वजाबाकी २२४. पंधराचा वर्ग एकाने हुकला! मग चढत चढत ९५१ पर्यंत जावं लागतं, म्हणजे २८७ प्रयत्न. कारण इथली सर्वांत जवळची जोडी २७१ × १६३१ अशी लांब आहे. म्हणून आधी लहान अवयव काढून घ्यायचे, मगच वर्गांकडे वळायचं.

लहान अवयवांसाठी सहा अंकी संख्येचे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे करून वजाबाकी करा : ४४२ − ००१ = ४४१. याला ७ ने भाग जातो, ११ आणि १३ ने जात नाही, तसंच ४४२००१ चंही. १००१ = ७ × ११ × १३ असल्यामुळे एका वजाबाकीत तिघांचा निकाल लागतो.

४४२००१ = ७ × २३३ × २७१. यातला २७१ पोरांना जरूर दाखवा. २७१ × ३६९ = ९९९९९, त्यामुळे १ ला २७१ ने भागलं की ०.००३६९००३६९… असे तेच पाच अंक फिरत राहतात. हे त्यांना स्वतः भागाकार करून सापडू द्या. २३३ तर बाराव्या शतकातले जैन विद्वान हेमचंद्र यांच्या १, २, ३, ५, ८, १३… या मालिकेतला (आधीच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढचा) बारावा आहे.

पडताळा घेताना नुसत्या अंकांच्या बेरजेवर विसंबू नका. ४४२००१ ऐवजी चुकून ४२४००१ लिहिलं तरी बेरीज ११ च येते. ११ ने भागून उरणारी बाकीही पाहा. ७, २३३, २७१ यांच्या बाक्या ७, २, ७. गुणाकार ९८, त्याची बाकी १०. ४४२००१ ची बाकीही १० येते, ४२४००१ ची मात्र ६.