घोड्यावर एकदा बसलं की भीती जाते का?

"सगळे डोंगरात चाललेत. वर घोड्यावरून जायचं म्हणतात. मला नाही जमणार, पण नाही म्हटलं तर सगळ्यांचा विरस होईल." भीतीवर मदत मागायला माझ्याकडे आलेल्या चाळिशीतल्या एक बाई सांगत होत्या. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत.) लहानपणी त्या घोड्यावरून पडल्या होत्या. फारसं लागलं नव्हतं, पण तेव्हापासून घोडा दिसला की त्या रस्ता बदलत. घरच्यांचा सल्ला ठरलेला: "एकदा बस, भीती पळून जाईल."

हा सल्ला मला मुळीच पटत नाही. बळेच बसवलेलं माणूस दात आवळून वेळ काढतं आणि उतरल्यावर 'वाचलो बुवा' एवढंच शिकतं. टाळत राहण्यानेही भागत नाही, कारण टाळल्यावर जे हायसं वाटतं त्यावरच भीती पोसली जाते. जोसेफ वोल्पे या मानसोपचारतज्ज्ञांनी १९५० च्या दशकात भीतीच्या पायऱ्या पाडून चढायची पद्धत मांडली. आम्ही तेच केलं. शून्य ते शंभरच्या मापावर घोड्याचा व्हिडिओ २०, मानेला हात लावणं ६०, पाठीवर बसणं ८०. उतारावरून घोड्यावर येणं थेट १००!

व्हिडिओची पायरी इथेच झाली. डोंगरात गेल्यावर पहिला दिवस फक्त झोप आणि भटकंती, ही माझी अट होती. थकलेल्या माणसाला साधी धडधडही संकट वाटते.

दुसऱ्या दिवशी घोडेवाल्याने त्यांना घोड्याच्या खांद्याच्या बाजूने, बोलत बोलत जवळ यायला सांगितलं. घोड्याला नाकासमोरचं अगदी जवळचं आणि शेपटीमागचं दिसत नाही. अचानक कोणी आलं की तो दचकतो. त्यांनी मानेवर हात ठेवला आणि तेवढ्यात कातडी थरथरली. हात झटकन मागे. "माशी होती, ताई," घोडेवाला म्हणाला. त्या तिथेच उभ्या राहिल्या, छातीतली धडधड ओसरू दिली आणि हात पुन्हा ठेवला. माझ्या मते खरं काम इथे झालं.

नंतर हेल्मेट घालून, लगाम घोडेवाल्याच्या हाती देऊन, सपाटीवर एक फेरी झाली. वर मात्र त्या चालतच गेल्या. "एवढंच?" घरच्यांनी विचारलं. त्यांना ते अर्धवट वाटलं, मला नाही. आणि समजा घोडा लंगडत असता किंवा हेल्मेटच नसतं, तर नाही म्हणणं हा निव्वळ शहाणपणा ठरला असता.

मात्र पडल्याच्या आठवणीने झोप उडत असेल, तीच दृश्यं पुन्हापुन्हा डोळ्यांपुढे येत असतील, तर सहलीआधी तज्ज्ञांना भेटा. या बाईंचं तसं नव्हतं. उताराच्या पायरीला आता त्या ७० देतात.