लॉन कापणारा माणूस ठरवताना : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

प्रश्न : ताई, घरापुढे छोटं लॉन आहे, ऊन भरपूर येतं. आम्ही दोघंही नोकरी करतो म्हणून महिन्याच्या कॉन्ट्रॅक्टवर एकाला काम दिलंय. दर पंधरा दिवसांनी मुलगा येतो, मशीन फिरवतो आणि जातो. पण कापलं की दोन-तीन दिवसांत सगळं पिवळट दिसायला लागतं, मधे मधे माती उघडी पडते. सांगितलं तर म्हणतो खत कमी पडतंय, युरिया मारू. मारला की आठवडाभर हिरवंगार, मग परत तेच. माणूस बदलू का, आणि नवीन बघताना नेमकं विचारायचं काय?

उत्तर : बदलायचं की नाही ते नंतर ठरवा, आधी कापल्याच्या दुसऱ्या दिवशी लॉनमधे खाली बसा आणि चार-पाच पाती हातात घेऊन टोकं नीट बघा. टोक फाटलेलं, दोरे सुटल्यासारखं आणि पांढरट दिसत असेल तर मशीनचं ब्लेड बोथट आहे, ते गवत कापत नाहीये, ओरबाडतंय. मग ती टोकं वाळतात आणि लांबून सगळं लॉन करपल्यासारखं दिसतं. टोक सरळ कापलेलं असेल पण खाली नुसत्या फिक्या तपकिरी काड्या उरल्या असतील तर कटिंग फार खोल झालंय. गवताचा हिरवा भाग वरच असतो, तो काढून टाकला की खाली उरतं ते पिवळंच.

मला तुमच्या पत्रावरून दुसरं कारण जास्त वाटतंय, कारण तुम्ही म्हणताय माती दिसते. नियम साधा आहे, एका वेळी गवताच्या उंचीचा एक तृतीयांशाहून जास्त भाग काढायचा नाही. म्हणजे सहा सेंटीमीटर असेल तर चारवर आणायचं, दोनवर नाही. आता गवत जोरात वाढत असताना पंधरा दिवसांत ते दुप्पटही होतं, आणि तो मुलगा येऊन ते एकदम पहिल्या उंचीवर आणतो म्हणजे अर्धं पान गेलं. पान गेलं की मुळांना अन्न कमी, मुळं वरच राहतात, दोन दिवस पाणी चुकलं तरी लॉन मान टाकतं, आणि उघड्या मातीवर ऊन पडलं की तणाचं बी उगवायला मोकळं. युरियात ४६ टक्के नत्र असतं, त्यामुळे पानं झरझर वाढतात आणि आठवडाभर हिरवंही दिसतं, पण पुढच्या कटिंगला पुन्हा जास्तच कापलं जातं. खत देऊच नका असं नाही म्हणत मी, पण इथे दुखणं उंचीचं आहे, त्यावर खताचा इलाज चालत नाही.

म्हणून कॉन्ट्रॅक्ट करताना महिन्याला किती फेऱ्या हे ठरवण्यापेक्षा गवत किती उंच ठेवायचं ते ठरवा. बारीक पानाची हरळी असेल तर साधारण अडीच ते चार सेंटीमीटर, रुंद पानाचं गवत असेल तर पाच ते साडेसात. वाढीच्या दिवसांत दर आठवड्याला कापावं लागेल, वाढ थांबली की महिनाभर नाही आलं तरी चालेल. हे बोलणं जो समजून घेतो आणि हो म्हणतो तो माणूस कामाचा. सध्याच्या मुलालाही एकदा हे सांगून बघा, पुष्कळदा त्यांना मालकाने सांगितलेलं असतं की बारीक कापा म्हणजे लवकर बोलावणं येणार नाही, आणि बरेचदा आपणच तसं सांगतो.

नवीन बघत असाल तर जो फोनवरच भाव सांगतो त्याला आधी प्रत्यक्ष येऊन बघायला सांगा. आला की तो काय बघतो ते तुम्ही बघा. हे कुठलं गवत आहे हे त्याला ओळखता यायला हवं, सावली कुठे पडते, पाणी कुठे साचतं हे त्याने स्वतःहून विचारायला हवं. ब्लेडला धार शेवटची कधी लावली हे विचारा, आणि एका बागेतून दुसऱ्या बागेत जाताना मशीन साफ करतो का हेही विचारा कारण दुसऱ्याकडचं तण मशीनला चिकटून आपल्याकडे येतं. औषध मारणार असेल तर बाटलीवरचं नाव आधी दाखवायचं, लेबल तुम्ही वाचल्याशिवाय फवारणी नाही, हे लिहूनच घ्या. दगड उडून काच फुटली किंवा पाण्याचा पाइप कापला गेला तर भरून कोण देणार तेही त्याच कागदावर. वर्षाचे पैसे आधी देऊ नका, महिनाभर काम बघा.

कापलेलं गवत गोळा करून नेण्याचे वेगळे पैसे मागितले तर नको म्हणा. उंचीचा नियम पाळला असेल तर ते बारीक तुकडे तिथेच पडू द्या, लवकर कुजतात आणि त्यातलं नत्र परत मातीतच जातं. फक्त ओल्या गवताचे गठ्ठे पडले असतील तर ते पसरायचे किंवा उचलायचे.

पाण्याचं मात्र तुमच्याकडेच ठेवा. रोज थोडं थोडं शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून एक-दोनदा भरपूर, सकाळी लवकर. पाऊस धरून आठवड्याला साधारण २५ मिलिमीटर पुरतं, लॉनवर सपाट बुडाचे दोन-तीन डबे ठेवून स्प्रिंकलर चालवला की किती वेळात किती पडतं ते कळतं. जमीन रेताड असेल किंवा ऊन फार असेल तर थोडं जास्त लागेल.

प्रश्न : लॉनमधे लव्हाळा झालाय. आम्ही आणि माळीबुवा दोघंही उपटतो, पण उपटला की जास्तच येतो. एक जण म्हणतो ग्लायफोसेट हे तणनाशक मारून टाकू, मारू द्यावं का?

उत्तर : नको, अजिबात नको! ग्लायफोसेट गवत-तण असा भेद करत नाही, लॉनही जाळून टाकेल. लव्हाळ्याची काडी बोटांत फिरवून बघा, तिधारी लागते, तो गवताच्या जातीतलाच नाही. जमिनीखाली त्याच्या गाठी एकमेकींना जोडलेल्या असतात, वरून ओढलं की पातं हातात येतं आणि गाठी खालीच राहतात, मग एका गाठीला नवे कोंब फुटतात. रुंद पानांच्या तणांवर मारतात ते टू-फोर-डी इथे उपयोगाचं नाही. लव्हाळ्यासाठी हॅलोसल्फ्युरॉनसारखी वेगळी औषधं असतात, पण आपल्या गवतावर चालतात का ते लेबलवर बघूनच, आणि एका फवारणीत संपेल अशी खात्री कुणी दिली तर विश्वास ठेवू नका. थोडाच असेल तर मातीत वाफसा, म्हणजे चिखल नाही पण ओल आहे, असा असताना खुरप्याने गाठीसकट खोल काढा, परत दिसला की लगेच काढा. पाणी साचत असेल तर आधी निचरा बघा, कारण ओल लव्हाळ्याला फार मानवते.

प्रश्न : एका कोपऱ्यातलं गवत वाळलंय आणि हाताने ओढलं की चटईसारखं सुटून येतं. सर्व्हिसवाले म्हणतात सगळ्या लॉनवर दर महिन्याला कीटकनाशक घ्या.

उत्तर : दर महिन्याला कशाला! तिथली वीतभर माती उकरून बघा, पांढऱ्या, अर्धगोल वळलेल्या अळ्या दिसल्या तर हुमणी आहे, ती मुळं खाते म्हणून गवत सुटून येतं. एका चौरस फुटात चार-पाच असतील तर चांगलं लॉन सहन करतं, दहाच्या आसपास असतील तर औषध द्यावं, तेही अळ्या लहान असताना आणि त्याच भागात. लेबलवर सांगितलं असेल तसं वरून पाणी द्या म्हणजे औषध मुळांपर्यंत उतरतं, आणि पानांवरची ओल पूर्ण सुकेपर्यंत मुलांना आणि कुत्र्या-मांजरांना तिकडे सोडू नका. अळी एकही सापडली नाही तर फवारणीला सरळ नाही म्हणा आणि तिथे पाणी पोचतंय का ते तपासा.