चर्चला जाऊनही दुसऱ्यांचे दोष काढण्याची खोड आणि स्वतःचा ढोंगीपणा कसा सुटेल?

तुम्ही लिहिलंय की दर रविवारी उपासनेला जाता, पण बसल्याबसल्या कोण कसा आहे याचा हिशेब मनात चालू राहतो. घरी आल्यावर वाटतं, आपणही ढोंगीच. यात देवाची कृपा नेमकं काय करते?

मी नगर जिल्ह्यातला. काही वर्षं आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, कारभार पाहणारा पंच होतो. एका प्रभुभोजनाच्या रविवारी, येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घ्यायच्या विधीला, एक गृहस्थ रांगेत आले, तोंडाला दारूचा वास. मी त्यांचा दंड धरला आणि हळूच, पण दोन बाकांना ऐकू जाईल इतपत, म्हणालो, "आज नको. मागे बसा." ते मुकाट मागे गेले. संध्याकाळी मोठ्या फुशारकीने मी हे धाकट्या बहिणीला फोनवर सांगितलं. ती जरा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, "दादा, त्यांना तू थांबवलंस. तुला कोण थांबवतं?"

चार वर्षांपूर्वी वडिलांच्या घराच्या हक्कसोडपत्रावर मी तिची सही घेतली होती. 'नुसती फॉर्मॅलिटी आहे गं,' असं सांगून. आपल्याला, म्हणजे ख्रिस्ती लोकांना, लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो, हे मला पक्कं ठाऊक होतं. परतीचं एसटीचं तिकीट काढून दिलं, एवढाच माझा उदारपणा. बायबलमध्ये प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलंय, प्रभुभोजनाआधी माणसाने स्वतःची परीक्षा करावी. रांगेतल्या पुढच्याची करायला त्याने मला कुठे सांगितलं होतं?

कुसळ आणि मुसळाचा दाखला (बायबल, मत्तय ७) आपल्याला इतका पाठ असतो की तो टोचतच नाही. लहानपणी बाजरीच्या खळ्यावर माझ्या डोळ्यात कुसळ गेलं होतं. आईने मला उजेडाकडे वळवलं, पापणी उलटली, पदराच्या टोकाला पीळ दिला आणि श्वास रोखून ते अलगद टिपलं. तिचं तोंड माझ्या तोंडापासून चार बोटांवर होतं. कुसळ काढायचं तर इतकं जवळ जावं लागतं. मी त्या गृहस्थांना हातभर लांबूनच हाकललं होतं.

येशूने तिथे वापरलेल्या 'ढोंगी' या शब्दामागचा ग्रीक शब्द रंगमंचावरच्या नटासाठीही वापरत. नटाला प्रेक्षक लागतात. मला ते दोन बाक लागले होते.

आता कृपेचं. मला ती जक्कयाच्या गोष्टीत कळली (लूक १९). यरीहोचा मुख्य जकातदार, उंबराच्या झाडावर चढलेला. येशू त्याला आधी म्हणतो, आज मला तुझ्या घरी उतरायचं आहे. बाहेर लोक कुरकुरतात, पापी माणसाकडे उतरला म्हणून. 'ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत देतो' हे जक्कयाचं बोलणं त्यानंतरचं. म्हणजे हिशेब चुकता केला म्हणून पाहुणा आला, असं घडलेलंच नाही. मी मात्र उलटं धरून बसलो होतो: आधी लायक व्हा, मग रांगेत या. स्वतःला लायक ठरवायला मला कुणीतरी नालायक हवा होता. आपल्याला फुकट आत घेतलंय हे एकदा पोटात उतरलं की ती गरज सैल पडते. माझी पूर्ण सुटली असं म्हणणार नाही.

एक मात्र सांगतो. 'कोणाचे दोष काढू नका' हे वचन मंडळ्यांमध्ये पुष्कळदा गैरव्यवहार झाकायला वापरतात. त्याच उताऱ्यात पुढे आहे की आधी मुसळ काढ, मग भावाचं कुसळ काढायला तुला नीट दिसेल. म्हणजे कुसळ काढायचंच आहे.

मी बहिणीकडे गेलो. माफी तिने चहा ठेवायच्या आतच दिली. मग म्हणाली, "पण पैसे दे हं." घराची किंमत काढून तिचा वाटा हप्त्याने देतोय, अजून दीड वर्ष जाईल. त्या गृहस्थांकडे जायला मला त्याहून जास्त दिवस लागले. तिथे चहा मिळाला नाही. त्यांनी ओट्यावरच उभं ठेवून ऐकून घेतलं आणि "बरं" म्हणाले. गेल्या महिन्यात प्रभुभोजनाला ते माझ्या पुढे होते. वास होता की नाही, आठवत नाही.