खो-खोच्या संघात नव्याने आलीस, तर एवढं ऐक

तुला धावण्याची घाई झालीय, पण महिनाभर बसायलाच शीक. पंजांवर बसायचं, टाचा उचललेल्या, हात पुढे जमिनीला टेकलेले, नजर समोर. पाठीवर थाप आणि ‘खो’ कानावर पडल्याशिवाय उठलीस की फाऊल. मागच्या मुलीच्या पावलांच्या आवाजाकडे कान ठेव, म्हणजे ‘खो’ येताच पहिलं पाऊल टाकता येईल. कोणत्या बाजूला वळायचं हे आधीच ठरव, कारण एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत माघार नाही, आणि मधली पाटी, म्हणजे बसलेल्या मुलींची रांग असते तो पट्टा, तर ओलांडताच येत नाही.

संरक्षणात तिघींची तुकडी आत जाते. एकेरी साखळी, म्हणजे बसलेल्या एकेका मुलीमधून नागमोडी पळणं, पक्की झाल्याशिवाय दुहेरीच्या, म्हणजे दोन-दोन मुली सोडून पळण्याच्या, नादी लागू नकोस. दम टिकणं जास्त महत्त्वाचं. पाठलाग करताना खांबाशी झेप घेऊन गडी बाद करायचा, तो खांबावरचा सूर मात्र सरांसमोरच, भुसभुशीत मातीत शीक.

आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मॅट नाही, पण मैदान आहे. फक्कीने रेषा मारणं, खडे वेचणं, पाणी शिंपडणं ही कामं नव्या मुलींकडे असतात. ती मनापासून कर, रेषा तिथेच डोक्यात बसतात. दहावी झालेल्या ताया संध्याकाळी खेळायला येतात; त्यांच्याविरुद्ध खेळायची संधी सोडू नकोस, माझा अर्धा खेळ त्यातून आला.

तालुका, जिल्हा, विभाग, राज्य अशी स्पर्धांची चढण असते. 2025 मध्ये पहिला खो-खो विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाची कर्णधार प्रियांका इंगळे महाराष्ट्राचीच. घरचे अभ्यासाचं म्हणाले, तर दहावीला खेळाचे सवलतीचे गुण मिळतात हेही सांग. आणि जन्मदाखला आत्ताच काढून ठेव, वयोगटासाठी लागतो.