लाडकी बहीण, शिष्यवृत्त्या यांसारख्या योजना चालवून राज्याला अर्थसंकल्पाचा तोल सांभाळता येईल का?

हा प्रश्न विचारताना आपण या योजनांना 'करदात्यांच्या पैशावर चाललेली खैरात' म्हटले आहे, आणि त्या शब्दांमुळेच मी हे उत्तर लिहायला बसलो. माझी जवळजवळ सारी नोकरी जिल्हा कोषागारांत, म्हणजे सरकारी खात्यांची देयके (बिले) तपासून पैसे देणाऱ्या कचेऱ्यांत गेली. सरकारचा पैसा कोणत्या खिडकीतून किती सहज बाहेर पडतो आणि कोणत्या खिडकीशी अडतो, हे मी रोज पाहिले आहे.

आधी थेट उत्तर देतो. राज्य बुडणार नाही. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राजकोषीय तूट, म्हणजे वर्षभरात कर्जाने भरून काढायची एकूण रक्कम, 1,36,234 कोटी रुपये धरली होती आणि ती स्थूल राज्य उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या मर्यादेत बसणारी होती. काळजी करायचीच असेल तर महसुली तुटीची करावी. ती 45,891 कोटी होती, म्हणजेच पगार, निवृत्तिवेतन, व्याज आणि अनुदाने भागवण्यासाठीही कर्ज काढावे लागत होते. त्याच अर्थसंकल्पात लाडकी बहीण योजनेला 36,000 कोटींची तरतूद होती. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लोक लगेच वजाबाकी करून मोकळे होतात. ही वजाबाकी नेमकी याच ओळीवर का केली जाते, असा माझा उलट प्रश्न आहे.

तोल कसा सांभाळला जातो, हे अर्थमंत्र्यांच्या भाषणात दिसत नाही. ते मार्चअखेरीस कोषागारात दिसते. विधिमंडळाने तरतूद मंजूर केली म्हणजे पैसा मिळाला असे होत नाही. वित्त विभाग तो वर्षभर टप्प्याटप्प्याने सोडतो, मध्येच कपात लावतो, आणि बीडीएस या निधीवाटपाच्या संगणक प्रणालीवर त्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे त्या खर्चाच्या ठरलेल्या खात्यावर, रक्कम दिसेपर्यंत आहरण व संवितरण अधिकाऱ्याला (खात्याच्या वतीने पैसे काढणाऱ्या अधिकाऱ्याला) देयक सादर करता येत नाही. त्यामुळे 31 मार्चच्या रात्री कोषागाराच्या व्हरांड्यात प्रत्येक खात्याचा एकेक लेखापाल तयार देयकांचा गठ्ठा मांडीवर घेऊन बसलेला असतो आणि प्रत्येकाच्या तोंडी एकच वाक्य असते, "बीडीएसवर आलं का हो?"

अशाच एका मार्चअखेरीस मागासवर्गीय विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीची आणि निर्वाह भत्त्याची देयके घेऊन एक लेखापाल दुपारपासून आमच्याकडे बसून होता. तो दर अर्ध्या तासाने वरिष्ठ कार्यालयाला फोन करी आणि "बघतो" एवढेच उत्तर ऐकून परत बाकावर येऊन बसे. संध्याकाळी दुसऱ्या एका खात्याला पुनर्विनियोजनातून, म्हणजे एका बाबीवरची शिल्लक दुसरीकडे वळवून, भरघोस रक्कम मिळाली आणि खुर्च्या, टेबले, कपाटे यांची देयके धडाधड येऊ लागली. ती नियमात बसत होती, म्हणून मीच ती पारित केली. नियमाप्रमाणे त्यांत आक्षेप घेण्यासारखे काही नव्हते. रात्री उशिरा शिष्यवृत्तीच्या लेखाशीर्षावर रक्कम आली, पण मागणीच्या निम्मीही नव्हती. मग त्या लेखापालाने महाविद्यालयांची यादी बाकावर पसरली आणि बेरीज बसेपर्यंत तळापासून एकेक नाव लाल पेनाने खोडत गेला. कोणती नावे ठेवायची याला दुसरा कोणताही निकष लावायला त्याच्याकडे वेळ नव्हता. देयक बारा वाजायच्या आत नव्याने तयार करायचे होते. ते झाले, आम्ही पारित केले, आणि यादीतली उरलेली मुले पुढच्या आर्थिक वर्षात ढकलली गेली.

त्याआधी काही आठवड्यांपूर्वी माझा गावाकडचा चुलतभाऊ कचेरीत आला होता. त्याची मुलगी पदविकेला होती. शिष्यवृत्ती जमा झाली नाही, म्हणून महाविद्यालयाने तिचे दाखले अडवून धरले होते. "दादा, पैसे तुझ्याच कचेरीत अडकलेत म्हणतात," असे तो म्हणाला. कोषागारात पैसे अडकत नाहीत, ते इथवर पोहोचतच नाहीत, हे मी त्याला समजावून सांगितले. पण ज्याने एक दिवसाची मजुरी बुडवून एसटीने यायचे कष्ट घेतले, त्याला लेखाशीर्षाची भाषा काय कळणार आणि कळून तरी काय उपयोग होणार? पुढे जेव्हा वर्षाची प्रत्यक्ष तूट अंदाजापेक्षा कमी निघते आणि वर्तमानपत्रे आर्थिक शिस्तीचे कौतुक करतात, तेव्हा त्या शिस्तीत असे किती दाखले अडकलेले असतात हे कोणी लिहीत नाही.

पगार थांबला तर संघटना रस्त्यावर येतात. व्याज थांबवता येत नाही, कारण राज्यघटनेनेच तो खर्च भारित, म्हणजे तिजोरीतून द्यावाच लागणारा, ठरवला आहे आणि त्यावर विधानसभेत मतदानही होत नाही. ठेकेदाराची देयके थकली की त्याचे आमदारांकडे जाणेयेणे सुरू होते. वसतिगृहातली मुले मात्र फार तर एक निवेदन देतात. कपात त्यांच्यावर येते ती त्यांचा खर्च वायफळ असतो म्हणून नव्हे, तर त्यांचा आवाज सर्वांत लहान असतो म्हणून. 2025 मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी सामाजिक न्याय खात्याचे 410 कोटी वळवले गेले तेव्हा खुद्द त्या खात्याच्या मंत्र्यांनी जाहीर नाराजी व्यक्त केली होती. एका गरिबाचे काढून दुसऱ्या गरिबाला दिले की एकूण बेरीज बदलत नाही आणि सधन माणसाला धक्काही लागत नाही.

याच महाराष्ट्राने एकेकाळी हे काम नीट करून दाखवले आहे. 1972 च्या दुष्काळात माझे आईवडील नालाबांधावर खडी फोडत आणि आम्ही मुले सुकडीवर दिवस काढत होतो. त्या कामांना पुढे विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांच्या आग्रहातून कायद्याचे रूप मिळाले. रोजगार हमीचा कायदा 1977 साली झाला आणि 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्यातली खरी हुशारी अशी होती की योजनेबरोबर तिचा करही ठरवला गेला. पगारपत्रकावर दिसणारा व्यवसाय कर 1975 च्या कायद्याने आला आणि तो रोजगार हमी निधीशी बांधला गेला; त्यात राज्याने आपल्याकडून तेवढीच भर घालायची होती. खर्च कोणावर होणार आणि तो कोण भरणार, ही दोन्ही वाक्ये एकाच श्वासात उच्चारली गेली. आजच्या घोषणांत दुसरे वाक्य गायब असते. लाडक्या बहिणीचे महिन्याचे पंधराशेचे एकवीसशे करू असे 2024 च्या प्रचारात सांगितले गेले, पण त्यासाठी कोणता कर वाढवू हे सांगितल्याचे माझ्या कानावर आले नाही.

आता आमच्या साडूंविषयी लिहिणे भाग आहे, कारण आपला प्रश्न हुबेहूब त्यांच्या तोंडचा वाटतो. ते मोठ्या खासगी कंपनीत वरच्या पदावर होते आणि दर दिवाळीला फराळाच्या ताटावर "आमच्या करातून हे सगळं चाललंय" हे वाक्य ऐकवतात. त्यांनी मुलासाठी घेतलेली सदनिका मेहुणीच्या एकटीच्या नावावर आहे, कारण 2021 पासून घर महिलेच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. कोटीच्या घरावर ही सूट एक लाख होते. लाडक्या बहिणीला वर्षाला अठरा हजार मिळतात. म्हणजे त्या एका सहीत साडूंचे तिच्या साडेपाच वर्षांच्या हप्त्यांएवढे पैसे वाचले. मी हे म्हटल्यावर ते म्हणाले, "अहो, पण आम्ही कर भरतो ना!" भरतात, मान्य आहे. परंतु व्यवसाय कर महिना दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे, असा वर्षाला 2500 रुपये असतो. तो त्यांनीही तेवढाच भरला आणि त्यांच्या सोसायटीच्या दारावर बारा हजारांवर उभा असलेला पहारेकरीही तेवढाच भरतो, कारण राज्यघटनेने घातलेली 2500 ची कमाल मर्यादा 1988 नंतर हललेली नाही. साबण-तेलावरचा जीएसटी तर तो पहारेकरी सुटा, रोजच्या रोज भरत असतो.

म्हणून माझे मत असे आहे की शिष्यवृत्ती आणि निर्वाह भत्ता हा व्याजाप्रमाणे आधी भागवायचा खर्च मानावा आणि तो पहिल्या तिमाहीतच मुलांच्या खात्यात पडावा. रोख मदतीच्या नव्या योजनेला तिचा कर जोडल्याशिवाय विधिमंडळात मांडूच देऊ नये. जीएसटी आल्यापासून राज्याच्या हातात मुख्यतः मुद्रांक शुल्क, मद्य, इंधन, वाहने आणि वीज हेच मोठे मार्ग उरले आहेत. त्यांतल्या सवलतींची यादी अनुदानांच्या यादीशेजारी छापली, तर निम्मा वाद तिथेच मिटेल.

काही गोष्टी प्रामाणिकपणे नोंदवायला हव्यात. लाडकी बहीण योजनेत सरकारी नोकरीतल्या काही महिलांनीही हप्ते घेतल्याचे तपासणीत निघाले. अर्ज आधी आणि छाननी नंतर, तीही निवडणूक उरकल्यावर, ही पद्धत मला मान्य नाही. मी स्वतः जुन्या योजनेतले निवृत्तिवेतन घेतो, आणि राज्याच्या महसुलातला निम्म्याहून अधिक वाटा पगार, निवृत्तिवेतन आणि व्याज यांवर जातो, त्यात माझाही हिस्सा आहे. साडूंनी हे मला ऐकवले आहे आणि त्यात ते चूक नाहीत. इतर राज्यांचे कोषागार मी आतून पाहिलेले नाही.

आपण मात्र अर्थसंकल्पाचे खंड उघडाल तेव्हा पुढच्या वर्षाच्या तरतुदीवर थांबू नका. त्याच पानावर मागील वर्षाच्या प्रत्यक्ष खर्चाचा रकानाही असतो. समाजकल्याणाच्या पानावर आधी तो वाचा आणि मग त्याच वर्षी किती तरतूद जाहीर झाली होती ते जुन्या खंडात पाहा. साडूंना मी हे दोन्ही खंड डाउनलोड करून पाठवले होते. त्यांनी अंगठा पाठवला आणि दिवाळीला पुन्हा तेच वाक्य म्हणाले.