तुमचे प्रश्न: नॅनो ऑक्साइडची बॅटरी फोनमध्ये का नाही?

प्रश्न: नॅनो मेटल ऑक्साइड ग्रॅफाइटच्या दुप्पट चार्ज धरतं असं वाचलं, मग आपल्या फोनमध्ये अजून ग्रॅफाइटच का?

उत्तर: वाचलंत ते खरंय. फोनच्या बॅटरीत ग्रॅफाइट असतं ते ऋण इलेक्ट्रोड म्हणून, म्हणजे चार्ज करताना लिथियम साठवणारी बाजू. 2000 साली फ्रान्समधले रसायनशास्त्रज्ञ तारास्कों यांच्या ग्रुपने दाखवलं की कोबाल्ट ऑक्साइडचे नॅनोकण ग्रॅमला 700 मिलीअँपिअर-अवरच्या आसपास चार्ज धरतात, ग्रॅफाइटची थिअरीतली मर्यादाच 372. ग्रॅफाइटमध्ये लिथियम थरांच्या मधे जाऊन बसतं, इथे मात्र ते ऑक्साइडच फोडून टाकतं, म्हणजे काही नॅनोमीटरचे धातूचे कण आणि भोवती लिथियम ऑक्साइड, आणि लिथियम निघालं की परत ऑक्साइड तयार, हे उलटं होतं हेच मला अजूनही भारी वाटतं! कण एवढे बारीक नसतील तर हे नीट जमतच नाही.

पण घोडं अडतं व्होल्टेजवर. चार्जिंग आणि डिस्चार्जच्या व्होल्टेजमध्ये जवळपास एक व्होल्टचा फरक पडतो, तेवढी एनर्जी उष्णतेत वाया. शिवाय पहिल्याच सायकलमध्ये (एकदा चार्ज-डिस्चार्ज म्हणजे एक सायकल) बरंच लिथियम कायमचं अडकतं, आणि कण फुगून-आकसून इलेक्ट्रोड तडकतो ते वेगळंच.

बाजारात खरं चाललंय ते लिथियम टायटेनेट, तेही ऑक्साइडच. क्षमता फक्त 175, पण जवळजवळ फुगत नाही, झटपट चार्ज होतं, हजारो सायकल टिकतं, म्हणून बसमध्ये वापरतात.